मुख्तारभाईंचे लाल रुमाल

जुन्या कागदांच्या खोलीत कापडी गाठोड्याला रुमाल म्हणतात. नाक पुसायचा रुमाल वेगळा. हा चांगला दोन हात लांब, दोन हात रुंद, जाड्याभरड्या कापडाचा, आणि त्याच्या पोटात एकेका गावाचे शंभर वर्षांचे कागद बांधलेले. मुख्तारभाईंनी असले अकराशे रुमाल एकतीस वर्षं सांभाळले. घरी मात्र त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नसे. तो आबेदाभाभींनी शोधून द्यायचा, आणि बहुतेक वेळा तो मुख्तारभाईंच्याच सदऱ्याच्या खिशात असायचा.

ऑफिसाचं नाव कशाला हवं? जमिनीच्या जुन्या कागदांचं ऑफिस, एवढं पुरे. तळमजल्यावर लांबलचक खोली, उंचावर जाळीच्या खिडक्या, डांबरगोळ्यांचा वास. निजामाच्या काळातले कागद उर्दूत, आणि ती उर्दू वाचू शकणारा माणूस साऱ्या इमारतीत एकच. नवे साहेब येत, उर्दू कागद उलटा धरून गंभीर चेहऱ्यानं बघत आणि मान हलवत. मुख्तारभाई तो हळूच सुलटा करून हातात देत आणि म्हणत, "हां साहेब, बराबर आहे." आजवर एकाही साहेबाला त्यांनी कमीपणा वाटू दिला नाही.

त्यांना हे काम याह्यासाहेब नावाच्या जुन्या रेकॉर्डकीपरनं शिकवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी कागदाला हातच लावू दिला नाही, गाठ मारायला बसवलं. पांढरा रुमाल म्हणजे गावाचे साधे कागद. त्याला सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटली. कुणीही यावं, आपल्या आज्यापणज्याचं नाव बघून जावं. लाल रुमाल म्हणजे वादाचे कागद. त्याला निरगाठ, साहेबांच्या लेखी हुकमाशिवाय सुटायची नाही. मुख्तारभाईंनी पुढे त्यात आपली भर घातली. निरगाठ आवळताना ते शेवटचा पीळ डाव्या अंगाला देत. मधे कुणी गाठ सोडून परत बांधली, तर तो पीळ उजवीकडे येई आणि चोरी पकडली जाई.

याह्यासाहेबांची दुसरी शिकवण चिठ्ठीची. दुष्काळात खोदलेल्या एका विहिरीचा कागद असेल, तर तो गावाचाही असतो, सालाचाही असतो, आणि ज्याच्या नावावर विहीर त्या घराचाही असतो. पण कागद एक आणि रुमाल तीन. मग तो एका रुमालात ठेवायचा आणि उरलेल्या दोघांत एक चिठ्ठी टाकायची, अमुक रुमाल पाहा. "मियाँ, कागज का घर एक," याह्यासाहेब सांगत, "मगर रस्ते जितने हो सके उतने." मुख्तारभाईंनी या शिकवणीचं पालन एकतीस वर्षांत एकदा सोडून कायम केलं. ही गोष्ट त्या एकदाची आहे.

झालं असं, की शहर वाढायला लागलं. जालना रोड भरून गेला, मग माणसं हर्सूलच्या पलीकडे सरकली. जिथं करडई उभी असायची तिथं चुन्याच्या पांढऱ्या रेघा आल्या, रेघांच्या तोंडाशी बोर्ड आले. जमिनीचा भाव चढला तशी मुख्तारभाईंच्या अंधाऱ्या खोलीची वर्दळ वाढली. ज्या रुमालांना वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता, त्यांना दिवसाला चार-चार पाहुणे. त्यातला एक अजिनाथ, जमिनीचा एजंट. गोड बोलणारा, सगळ्यांना चहा पाजणारा. मुख्तारभाईंना तो "चाचा" म्हणायचा आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. माणूस गुडघ्यांची चौकशी करायला लागला की सावध व्हावं, पण मुख्तारभाईंचे गुडघे खरंच दुखत होते.

एका दुपारी अजिनाथ हर्सूलपलीकडच्या एका गावाचा पांढरा रुमाल घेऊन तासभर बसला. तो गेल्यावर मुख्तारभाईंनी सवयीनं पानं चाळली. एक पान शिवणीतून जवळजवळ निघालं होतं. दोरा तोडलेला, पान एका टाक्यावर लोंबतंय. कुणाची तरी चाहूल लागली असावी म्हणून ते तसंच राहिलं. मुख्तारभाईंनी ते उजेडात नेऊन वाचलं. फसली तेराशे एकोणतीस सालचा, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळातला हुकूम होता. अमुक शेतातली विहीर सरकारी मदतीनं खोदली आहे. बिरू धनगर आणि त्याच्या वस्तीतल्या लोकांना तिथं प्यायला आणि मेंढरं पाजायला हक्क आहे. शेत कुणाच्याही हाती जावो, त्यानं अडवू नये. खाली मोहर.

विहिरीवर असा हक्क असला की त्या जमिनीचे प्लॉट पाडता येत नाहीत, आणि कागदच नसला की हक्कही नाही, हे समजायला फार अक्कल लागत नाही. तक्रार करावी तर पुरावा काय, एक तुटका दोरा. त्या संध्याकाळी मुख्तारभाईंनी ते पान शिवणीतून सोडवलं, त्याच गावाच्या बांधाच्या भांडणाचा एक लाल रुमाल होता, ज्यातले दोन्ही भांडणारे कधीच मरून गेले होते, त्यात ठेवलं आणि डाव्या पिळाची निरगाठ आवळली. आणि चिठ्ठी ठेवली नाही. पांढऱ्या रुमालात चिठ्ठी ठेवली असती तर ती अजिनाथनंही वाचलीच असती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत ते घरी गेले. पुढची आठ वर्षं त्या एका पानाची आठवण झाली की त्यांना फार बरं वाटे. आपण एका वस्तीचं पाणी राखलं, या विचारानं ते एकटेच हसत, आणि आबेदाभाभी विचारत, कायकू हसते?

मग कॉम्प्युटर आला. त्याबरोबर दिपाली आली. कंत्राटावरची ऑपरेटर, दोन लेकरांची आई, मुकुंदवाडीहून स्कूटीवर यायची, डबा खाता खाता कीबोर्ड बडवायची. सगळे कागद फोटो काढून मशीनमध्ये घालायचे आणि त्यांची फोल्डरं करायची हे तिचं काम. मुख्तारभाईंना आधी वाटलं, आपली सवत आली. पण आठ दिवसांत तिनं त्यांना गाठींबद्दल इतके प्रश्न विचारले, की ते तिला घरून शेवया आणून द्यायला लागले.

"चाचा, हे नीट सांगा," ती म्हणायची, "कागद गावात ठिवू, सालात ठिवू, का माणसाच्या नावात?"

"लोक काय सांगत येतात? गाव. गावात ठेव."

"पण साहेबाला दुष्काळाच्या सालातल्या समद्या गावच्या विहिरी एकदम पायजे असत्यात. गावात ठिवल्या तर मला चारशे फोल्डर उघडावं लागतंय."

"उघड की. साहेब पंख्याखाली बसून वाट बघतो. खेड्यातला माणूस एस.टी. चुकेल म्हणून उभ्या उभ्या विचारतो. ज्याला बसायला खुर्ची नाय, त्याची सोय आधी."

दिपालीला हे पटलं. सगळ्यात वर गाव आलं, त्याखाली शेताचा गट नंबर, त्याखाली साल. चारशे फोल्डर उघडायची पाळी पुढे तिच्यावर खरोखर तीनदा आली आणि तिन्ही वेळा तिनं चाचांच्या नावानं बोटं मोडली.

कुलपांवर मात्र घोडं अडलं. लाल रुमालांचं मशीनमध्ये लाल फोल्डर झालं होतं, आणि त्यातला कोणता कागद कुणाला उघडेल हे ठरवायचं होतं. दिपालीचं म्हणणं, कागदागणिक ठरवू. ऑफिसचे हेडक्लार्क आप्पासाहेब, माणूस भला पण मार्चअखेरीला घाबरणारा, ते म्हणाले, "चाळीस हजार कागद आहेत, बाई. एकेक वाचून ठरवायचं तर माझी नात ठरवेल. लाल फोल्डरच्या वरच्या दाराला एकच कुलूप लावा. आतलं सगळं आपोआप बंद. पासवर्ड साहेबांकडे आणि माझ्याकडे." त्यांचंही चूक नव्हतं. माणसं तीन, दिवस साठ, आणि वरून रोज फोन.

राहिला एकच प्रश्न. "चाचा, लाल फोल्डरचं नाव तरी लोकांसाठीच्या खिडकीवरच्या यादीत दिसू द्यायचं का?" दिपालीनं विचारलं. "उघडणार नाय, पण दिसंल तरी. माणसाला कळंल, आत कायतरी हाय."

मुख्तारभाईंच्या डोळ्यांपुढे अजिनाथ आला, हातात चहाचा कप घेऊन. "नक्को बेटा," ते म्हणाले. "दिसूच नको देऊ. दिसलं की मागतात, मागितलं की वाटा शोधतात."

"तुमी म्हणाल तसं. पण चाचा, दार दिसलं तर माणूस कडी तरी वाजवतो."

मुख्तारभाई हसले. पोरगी हुशार आहे, पण तिनं अजून एजंट बघितले नाहीत, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर पावसानं दुसऱ्या वर्षीही पाठ फिरवली. हर्सूलचा तलाव आटला आणि पोरं त्याच्या तळात क्रिकेट खेळायला लागली. शहरात नळ पाचव्या दिवशी, तोही पहाटे, चूळ भरल्यासारखा. खेड्यांचं तर विचारू नका. बिरूच्या वस्तीवर, म्हणजे त्या कागदातल्या बिरूच्या नातवंडा-पतवंडांच्या सात घरांवर, टँकर आठवड्यातून एकदा यायचा. तो माणसांसाठी. मेंढरांचा हिशेब त्यात नव्हता. मेंढरं शेजारच्या शेतातल्या त्या जुन्या विहिरीवर जगत होती. तिला तशाही उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असायचं. पण शेत विकलं गेलं. नव्या मालकानं तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप ठोकलं, आणि विहिरीचं पाणी बांधकामाला जायला लागलं.

वस्तीतली थोरली बाई दगडाबाई. साठीची, बांध्यानं काटक, एका खांद्यावर घोंगडी. तिनं साहेबांकडे अर्ज केला, की सासरे सांगायचे, आमच्या विहिरीचा सरकारी कागद हाय. त्याची नक्कल द्या. सुनावणी सोमवारी होती. अर्ज ऑफिसात आला, दिपालीनं गावाचं फोल्डर उघडून शोध घेतला, तिला काही सापडलं नाही. तिनं नेहमीचं छापील उत्तर काढलं आणि चाळीस उत्तरांच्या गठ्ठ्यात घालून रेकॉर्डकीपरच्या सहीला पाठवलं. मुख्तारभाईंना निवृत्तीला बावीस दिवस उरले होते. समोर पेन्शनच्या कागदांचा ढीग, डाव्या हाताला हा गठ्ठा. त्यांनी चाळीस सह्या ठोकल्या.

गुरुवारी दुपारी दगडाबाई ते उत्तर घेऊन खिडकीशी आली. तिला वाचता येत नव्हतं.

"भाऊ, जरा वाचून दावा. टपालवाल्यानं दिलं अन् गेला."

मुख्तारभाईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "आपल्या अर्जात नमूद केलेल्या अभिलेखाचा शोध घेतला असता..." इथवर आवाज नेहमीचा होता. मग त्यांनी गावाचं नाव वाचलं. मग बिरूचं नाव. पुढचं "आढळून येत नाही" त्यांनी वाचलं की नुसतेच ओठ हलवले, त्यांनाही कळलं नाही. खाली त्यांचीच सही, शेपटीसकट.

"नाय म्हणत्यात का?" दगडाबाईनं विचारलं.

"हां... असं लिहिलंय."

"ही सही तुमची हाय?"

"माझीच."

दगडाबाई थोडा वेळ त्या सहीकडे बघत राहिली. तिला एवढंच कळत होतं, की ही निळी रेघ या माणसानं काढली आहे. "मंग नसंल," ती म्हणाली. "तुमी एवढ्या वर्साचे जाणते. सासरा म्हातारपणी कायबी बोलायचा. अकरा दिस झालं मेंढरं तहानल्यात, इकून टाकतो, दुसरं काय." तिनं कागद घडी घालून कनवटीला लावला, खिडकीला हात जोडले आणि निघाली.

मुख्तारभाईंनी तिला हाक मारायला हवी होती. मारली नाही. डोक्यात एकच आकडा होता, निवृत्तीला उरलेले एकोणीस दिवस. आपण कागद शिवणीतून काढला, नोंद केली नाही, चिठ्ठी ठेवली नाही, आणि आता तो नाही म्हणून सही केली. हे चोराचं वागणं झालं, फक्त आपण चोर नव्हतो. भल्या माणसाला भित्रेपणा करायला एकच दुपार पुरते. मुख्तारभाईंची ती दुपार हीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळाचा वार होता. शहागंजच्या त्यांच्या गल्लीत बादल्यांचा आवाज सुरू झाला. आबेदाभाभींनी दोन पिंपं भरली, पदराला हात पुसले आणि गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. आतून प्लॅस्टिकची पिशवी निघाली. पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी, आणि शेवटी त्यांचा निकाहनामा. पेन्शनच्या अर्जाला तो लागत होता, आणि भाभी आठ दिवस तो शोधत होत्या.

"ये देखो," त्या म्हणाल्या. "गेहूँ में! कौन रखता निकाहनामा गेहूँ में?"

"चोर गव्हात हात घालत नाय," मुख्तारभाई म्हणाले.

"चोर आया क्या तीस साल में? नहीं आया. पर मैं अपने घर में चोर के जैसी ढुंडती फिरी. इत्ता सम्हाल के रखते तुम, की जिसका है उसीकू नहीं मिलता!"

भाभी हे दर आठवड्याला कशावरून तरी म्हणायच्या आणि मुख्तारभाई दर आठवड्याला ते कानाआड करायचे. त्या दिवशी ते खाली बसले, भिंतीला टेकून. भाभींना वाटलं, गुडघा धरला. मुख्तारभाईंनी सगळं सांगितलं, अजिनाथच्या चहापासून दगडाबाईच्या कनवटीपर्यंत. भाभी ऐकत राहिल्या. नळ गेला तरी उठल्या नाहीत.

"मेंढरं किती दिवस तहानलेली आहेत?" त्यांनी विचारलं. गंभीर झाल्या की भाभी मराठीवर येत.

"बारा."

"मग तुम्ही इथं बसून काय करताय?"

ऑफिस उघडायच्या आधीच मुख्तारभाई पायरीवर हजर. दिपाली आली तर तिला म्हणाले, लाल फोल्डर उघड. तिच्याकडे पासवर्ड नव्हता. खरा कागद तर बाजूच्याच कपाटात होता, आणि गाठ सोडणारा हातही त्यांचाच. पण कॉम्प्युटरचं काम झाल्यावर लाल रुमालांच्या कपाटाला साहेबांचं सील लागलं होतं. सील तोडून काढलेला कागद साहेबांपुढे ठेवला, तर तो कागद खरा म्हणून कोण मानणार? ते आप्पासाहेबांकडे गेले. आप्पासाहेबांनी दार लावून घेतलं.

"मुख्तारभाई, अठरा दिवस राहिलेत," ते म्हणाले. "कशाला अंगावर ओढवून घेता? मी सील उघडतो. तुम्ही म्हणा, कपाटामागे पडलेला सापडला. उंदरांनी नेला होता म्हणा. उंदरांवर कोण चौकशी लावतंय?"

आप्पासाहेब हे प्रेमापोटी म्हणत होते, आणि मुख्तारभाईंना ते प्रेम समजत होतं. त्यांचे डोळे भरून आले. पण त्यांनी मान हलवली.

"साहेब, कपाटामागे सापडलेला कागद कुणीही आणून टाकलेला असू शकतो. समोरचा वकील हेच म्हणणार. तो कुठं होता, कधीपासून, कुणी ठेवला, हे सांगितलं तरच तो खरा. त्या कागदाला घर दाखवायचं तर मला माझं नाव सांगावं लागेल."

त्यांनी तिथंच बसून दीड पानी जबाब लिहिला. आपण काय केलं, का केलं, आणि काय करायला नको होतं. शेवटी तारीख, वेळ आणि सही. एवढ्यात दिपालीनं वस्तीवर निरोप धाडला, मेंढरं विकू नका, सोमवारी या.

सोमवारी साहेबांच्या दालनात एका बाजूला दगडाबाई आणि वस्तीची चार माणसं, दुसऱ्या बाजूला नवा मालक आणि त्याचा वकील. मागच्या खुर्चीवर अजिनाथ होता. त्यानं मुख्तारभाईंना नमस्कार केला, पण गुडघ्यांची चौकशी केली नाही. लाल रुमाल टेबलावर आला. मुख्तारभाईंनी आधी साहेबांना गाठीचा डावा पीळ दाखवला, शेजारचे चार लाल रुमाल आणून त्यांचेही पीळ दाखवले. मग गाठ सोडायला लागले. फोटो काढून झाल्यावर त्यांनीच पुन्हा आवळलेली निरगाठ ती, बोटांना दाद देईना. शेवटी कागद शिवायची दाभण घेऊन त्यांनी एकेक पेड सैल केला. दहा मिनिटं गेली. वकील म्हणाला, कापा ना साहेब. साहेब म्हणाले, सोडू द्या त्यांना.

पान निघालं. गावाचा पांढरा रुमाल शेजारी ठेवला, आणि पानाच्या कडेची भोकं त्यातल्या शिवणीच्या भोकांवर ठेवली. सातही जुळली. मुख्तारभाईंनी उर्दू मोठ्यानं वाचली, मग ओळीओळीनं मराठी करून सांगितलं. बिरूचं नाव आलं तेव्हा दगडाबाईनं पदर डोक्यावर घेतला. सासऱ्याच्याही आजाचं नाव होतं ते.

वकील उठला. "या कागदाबद्दल याच इसमानं आधी लिहून दिलं, आढळत नाही. आज म्हणतात, आढळला. यांची कोणती सही खरी धरायची?"

"दोन्ही माझ्याच आहेत," मुख्तारभाई म्हणाले. "पहिली न बघता केली. दुसरी बघून केली."

मग ते साहेबांकडे नाही, दगडाबाईकडे वळले. "बाई, तुमचा कागद मी चोरापासून लपवला. तुम्हालाही दिसणार नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्या दिवशी खिडकीत ध्यानात आलं, तरी मी बोललो नाही. मला माफ करा."

ऑफिसातल्या माणसानं वस्तीवरच्या बाईची अशी समोरासमोर माफी मागितल्याचं तिथं कुणी पाहिलं नव्हतं, दगडाबाईनंही नाही. ती एवढंच म्हणाली, "बसा भाऊ, तुमचं पाय दुखत्यात."

साहेबांनी हुकूम काढला आणि त्याच संध्याकाळी फाटकाचं कुलूप निघालं. मेंढरं विहिरीवर गेली. मुख्तारभाईंना चौकशीची नोटीस मिळाली आणि पेन्शन वर्षभर लटकली. भाभींनी त्या वर्षात शिवणाचं मशीन पुन्हा बाहेर काढलं आणि एकदाही टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा. दिपालीनं आप्पासाहेबांशी भांडून यादी बदलून घेतली. कुलूप तसंच राहिलं, पण लाल फोल्डरातल्या प्रत्येक कागदाचं नाव आता गावाच्या यादीत दिसतं, आणि शेजारी लिहिलेलं असतं, यासाठी साहेबांना अर्ज करा. त्यामुळे अजिनाथसारख्यांचीही सोय झाली, हे खरंच आहे. कडी कुणीही वाजवू शकतो. पण दार उघडताना कोण आलं होतं याची नोंद होते, आणि ती कुणाला पुसता येत नाही. मुख्तारभाईंनी ती यादी पाहिली आणि म्हणाले, "याह्यासाहेब असते तर तुला गाठ मारायला बसवलं नसतं, सरळ कागदच हातात दिला असता."

नोकरीच्या शेवटच्या दिवशी दगडाबाई नक्कल घ्यायला आली. मुख्तारभाईंनी ती आधीच तयार करून ठेवली होती, उर्दूखाली स्वच्छ मराठी, शिक्का, सही. या वेळी बघून केलेली. जन्माची सवय, ते सांगायला लागले, "बाई, हे जिवापाड सांभाळा. पत्र्याच्या पेटीत ठेवा, तळाशी. कुलूप लावा, किल्ली गळ्यात बांधा."

"कुलूप?" दगडाबाई हसली. "भाऊ, तुमी एवढं सांभाळलं, अन् माझी मेंढरं पंधरा दिस तहानली. एक नगं. सात द्या."

"सात कशाला?"

"सात घरं हायेत. एकाच्या घराला आग लागली तर दुसऱ्याच्या घरी असंल. अन् कुणी कागद इकत घ्यायला आला, तर त्याला साती घरं इकत घ्यावी लागतील. माझं एकटीचं काय सांगता? मी बी माणूसच हाय."

एकतीस वर्षं गाठी, कुलपं, पीळ. आणि हे मुख्तारभाईंना एकदाही सुचलं नव्हतं.

त्यांनी आणखी सहा नकला काढल्या. प्रत्येकीवर वेगळी सही केली, वेगळा शिक्का मारला, एकही गठ्ठ्यानं नाही. सातही एकावर एक रचल्या आणि टेबलावरचा दोरा उचलला. दगडाबाईनं त्यांचा हात धरला.

"बांधू नगा, भाऊ. आता जाता जाता घरोघर देतच जाते."

ती सात कागद उघड्या हातात घेऊन बाहेर पडली. मुख्तारभाईंनी दोरा गुंडाळून खिशात घातला, खिडकीचं दार लावायला गेले, आणि तसंच उघडं ठेवून घरी निघाले.